तळटीप १२ : ‘द ऑड कपल’

१२. द ऑड कपल : अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९७० ते मार्च १९७५ या काळात प्रक्षेपित झालेली विनोदी मालिका, एकूण भाग ११४. नील सायमन यांच्या १९६५च्या ब्रॉडवे नाटकावरून गॅरी मार्शल आणि जेरी बेल्सन यांनी ती छोट्या पडद्यावर आणली.

न्यूयॉर्कच्या एकाच फ्लॅटमध्ये बायकोपासून वेगळे झालेले दोन मित्र राहतात. छायाचित्रकार फेलिक्स (टोनी रँडल) टापटिपीच्या बाबतीत हट्टी, तर क्रीडापत्रकार ऑस्कर (जॅक क्लगमन) कमालीचा गबाळा.

दुसऱ्या वर्षापासून चित्रण प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी होऊ लागले आणि रंगभूमीवर मुरलेल्या या नटांची जुगलबंदी रंगली. १९७२च्या एका भागात दोघे ‘पासवर्ड’ या टीव्हीवरच्या शब्दखेळात उतरतात. ऑस्करला ‘पक्षी’ हा शब्द ओळखता यावा म्हणून फेलिक्स त्याला सुचवतो, ‘ॲरिस्टोफेनिस’! या ग्रीक नाटककाराचे ‘द बर्ड्स’ हे नाटक कुणालाही ठाऊक असणारच, अशी त्याची प्रामाणिक समजूत. ऑस्करचा पारा चढतो. फेलिक्सला आपले काय चुकले तेच उमगत नाही.

मालिकेची गोडी इथेच आहे. दोघांपैकी कुणीही वाईट नाही, कुणीही बदलत नाही आणि अडचणीच्या वेळी कुणीही पाठ फिरवत नाही.

पहिल्या प्रक्षेपणात प्रेक्षकसंख्या बेताचीच राहिली. खरी लोकप्रियता मिळाली ती पुनःप्रक्षेपणांतून. क्लगमन यांना दोनदा (१९७१, १९७३), तर रँडल यांना १९७५मध्ये एमी पुरस्कार मिळाला. — संपा.