क्षेमकुशल, इटालियन पद्धतीने

भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत क्षेमकुशल पहिल्याच धड्यात येते आणि तिथेच संपते. ‘कोमे स्ताइ?’ कसा आहेस? ‘बेने, ग्रात्सिए.’ छान, धन्यवाद. दुसऱ्या धड्यात फळे आणि रंग. मग एवढ्याशा गोष्टीसाठी वेगळे पुस्तक कशाला, असे वाचकांच्या मनात आले तर ते रास्तच आहे. पण इटलीत नव्या माणसाची पारख होते ती ह्याच चार वाक्यांत: बारच्या काउंटरशी उभ्याने कॉफी घेताना, जिन्यात शेजारीण भेटल्यावर, सोमवारी सकाळी कचेरीत. (बार म्हणजे तिथे मुख्यतः कॉफीचेच ठिकाण, भलती शंका नको.) शिवाय व्याकरणाचा बराच अवघड मानला जाणारा भाग ह्या गप्पांत येऊन जातो, आणि तो मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही.

आधी तब्येतीचे पाहू. ‘बेने’ कुठेही चालते. ‘नोन चे माले’ म्हणजे तक्रारीला जागा नाही. ‘सि तीरा अवान्ती’ हे आपल्या ‘चाललंय आपलं’च्या घरातले, थोडा सुस्कारा असलेले. कोणी ‘इन्सोम्मा’ असे लांबवून म्हटले तर काहीतरी बिनसले आहे असे समजावे आणि पुढे विचारावे. स्वतःचे उत्तर देऊन मात्र गप्प बसू नये, ‘ए तू?’ म्हणून प्रश्न परत करावा. डॉक्टर, दुकानदार, मित्राची आई यांना ‘ए लेइ?’. हे आदरार्थी ‘लेइ’ एरवी ‘ती’ ह्या अर्थाचे सर्वनाम, पण पुरुषालाही तेच, आणि क्रियापद तृतीयपुरुषी: ‘कोमे स्ता?’ 1938 मध्ये फॅसिस्ट राजवटीने ते हटवून ‘वोइ’ रुजवण्याची मोहीम काढली. ‘लेइ’ नावाच्या एका महिला नियतकालिकाला नावही बदलावे लागले. मोहीम फसली. दक्षिणेत वयस्करांच्या तोंडी ‘वोइ’ आजही ऐकू येते, पण त्याचे कारण जुनी चाल हे आहे.

दुसरा प्रश्न असतो ‘के आइ फात्तो दि बेल्लो?’, म्हणजे इतक्यात काय छान केलेस? उत्तर बहुधा ‘निएन्ते दि के’, विशेष काही नाही. एवढेच बोलून थांबलात तर दार लावून घेतल्यासारखे होते. पुढे एक तपशील जोडावा. इथे भूतकाळ लागतो आणि इथेच इंग्रजीमार्गे आलेले विद्यार्थी अडखळतात. समुद्रावर गेलेला पुरुष ‘सोनो अन्दातो अल मारे’ म्हणतो, स्त्री ‘सोनो अन्दाता’. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ म्हणणाऱ्याला ह्यात शिकण्यासारखे काय आहे? ‘खाणे’ वेगळ्या वाटेने जाते: ‘ओ मान्जातो ला पीत्सा’, इथे स्त्री-पुरुष दोघांचे रूप एकच. पण पीत्साऐवजी सर्वनाम आले आणि ते क्रियापदाआधी बसले, की ‘लो मान्जाता’. क्रियापद आता खाणाऱ्याकडे न पाहता खाल्लेल्या वस्तूकडे पाहते, जसे आपण पोळी ‘खाल्ली’ आणि आंबा ‘खाल्ला’ म्हणतो. एवढे लक्षात ठेवावे, की पिझ्झा आपण पुल्लिंगी करून टाकला आहे. त्यांच्याकडे तो स्त्रीलिंगी आहे.

हा योगायोग अगदीच आंधळा नाही. संस्कृतच्या ‘गतः’, ‘गता’ अशा कृदंतांतून मराठीचा भूतकाळ घडला, लॅटिनच्या तशाच कृदंतांतून इटालियनचा. संस्कृत आणि इटालियन ह्यांच्यातले नाते एका इटालियनाने फार पूर्वी, तेही आपल्या किनाऱ्यावरून, हेरले होते. फ्लोरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती 1583 मध्ये भारतात आला आणि 1588 मध्ये गोव्यात वारला. घरी धाडलेल्या पत्रांत त्याने सर्प आणि ‘सेर्पे’, देव आणि ‘दिओ’, तसेच सहापासून नऊपर्यंतच्या आकड्यांचे साम्य टिपून ठेवले. तुलनात्मक भाषाशास्त्र हे नावही तेव्हा नव्हते.

वाचकांनी हे पुस्तक मनात न वाचता मोठ्याने वाचावे, आणि ‘स्त्री’ व ‘पुरुष’ अशी दोन रूपे दिली असतील तिथे फक्त आपलेच म्हणावे; दुसरे कानाने ओळखता आले की पुरे. भूतकाळाबाबत आणखी एक: इटलीच्या उत्तरेत कालची आणि दहा वर्षांपूर्वीचीही गोष्ट ‘सोनो अन्दातो’, ‘ओ मान्जातो’ ह्याच भूतकाळात सांगतात. सिसिलीला जाणाऱ्यांना मात्र सकाळी बाजारात जाऊन आलेला माणूस ‘अन्दाइ’ म्हणताना भेटेल. ते जुने, साधे भूतकाळी रूप आहे आणि त्यात लिंगभेद नाही. ते ऐकून समजावे. बोलताना तुम्ही ‘सोनो अन्दातो’ किंवा ‘सोनो अन्दाता’च ठेवा, पालेर्मोतही ते चालते.