खेड्याचा ठराव आणि खेड्याची तिजोरी

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट सोडून नागपूर–हैदराबाद रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे कपाशीच्या काळ्या रानातून जाता जाता वडनेर हे गाव लागते. ह्या गावास, किंवा त्याच्या शेजारच्या कोणत्याही गावास, एखादी विहीर हवी असेल, नाल्यावर मोरी बांधावयाची असेल, शाळेची एक खोली वाढवावयाची असेल, तर तो निर्णय कोणी घ्यावयाचा आणि त्यासाठी पैसा कोणाच्या पेटीतून यावयाचा? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत पाच-सहा वेळा बदलले. राज्ये बदलली, प्रांत बदलले, कायदे बदलले. त्या प्रत्येक फेरबदलात खेड्याच्या हाती प्रत्यक्ष काय आले, हे क्रमाने पाहिले असता आपल्या स्थानिक स्वराज्याचा खरा इतिहास ध्यानात येतो.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांत बनला व १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा निराळा काढण्यात आला. त्याच दशकातील जमाबंदीने ह्या भागात मालगुजारी पद्धत पक्की केली. जो पूर्वी केवळ सारा वसूल करून देणारा होता तो आता गावाचा मालक ठरला. पडीत जमीन, गायरान, तलाव, आबादीतील मोकळी जागा, ही सारी त्याच्या सत्तेखाली गेली. रयतेचे चराईचे, सरपणाचे व पाण्याचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात नोंदले गेले खरे. पण त्या हक्कांची अंमलबजावणी पुष्कळ अंशी मालगुजाराच्या मर्जीवर राहिली. कित्येक मालगुजारांनी विहिरी खोदल्या, देवळे बांधली, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ती कामे दातृत्वाची होती. गावाने एकत्र बसून ठरविले आणि गावाच्या पैशाने केले, असा प्रकार त्यात नव्हता.

पुढे १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन ह्यांनी स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला प्रसिद्ध ठराव काढला. त्यास अनुसरून मध्यप्रांतात १८८३ साली स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. जिल्ह्यास डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि तिच्या हाताखाली लोकल बोर्डे, अशी ही रचना होती. रस्ते, शाळा, दवाखाने, सराया, कोंडवाडे ही कामे ह्या संस्थांकडे आली. उत्पन्नाच्या बाबी म्हटल्या तर साऱ्यावर बसविलेले उपकर, कोंडवाड्याचे दंड, नदीच्या उतारांचे मक्ते व सरकारी देणगी. ह्या बोर्डांवर खेड्यांचा प्रतिनिधी कसा जाई, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. खेड्यांचे गट पाडलेले असत व त्या त्या गटातील मुकद्दम आपल्यापैकी एकास निवडून देत. व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी निराळे आणि सरकारनियुक्त सभासद निराळे. अर्थात खेड्याचा आवाज म्हणून जो बोर्डात पोचे तो बहुधा मालगुजाराच्या किंवा मुकद्दमाच्या घरचाच आवाज असे. उपकराचा बोजा अखेर जमिनीवर, म्हणजे नांगर धरणाऱ्यांच्या श्रमावर पडे. तो पैसा वर्ध्यास जाई. आणि त्यांतून आपल्या गावास काही मिळावे म्हणून गावकऱ्यांनी अर्ज करावा, अशी ती रीत होती.

१९२० साली ह्या कायद्याची सुधारणा झाली. मतदारांची संख्या वाढली, निवडणुकीचे तत्त्व पुढे आले. त्याच साली ग्रामपंचायतींचाही निराळा कायदा मध्यप्रांतात संमत झाला. कागदावर ही मोठी प्रगती होती. परंतु पंचायतींच्या हाती दिलेली साधने इतकी तोकडी होती की, पंचांनी एकमताने ठरविलेले कामही पुष्कळदा ठरावाच्या वहीतच राहावयाचे. नव्या करास गावकरी नाखूष आणि वरून मिळणारी मदत बेताची. त्यातच १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आली, कापसाचे भाव कोसळले, आणि कपाशीवर जगणाऱ्या ह्या मुलखात नवीन कर बसविण्याची गोष्टसुद्धा काढणे कठीण झाले.

नेमक्या ह्याच काळात वर्धा जिल्हा खेड्यांविषयीच्या विचाराचे केंद्र झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले आणि १९३६ साली महात्मा गांधी शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामास राहावयास गेले. वडनेर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातून पूर्ण अधिकारसंपन्न खेड्याची कल्पना देशापुढे मांडली गेली. १९४२ साली गांधीजींनी वर्णिलेल्या ग्रामराज्यात गावच्या प्रौढ स्त्रीपुरुषांनी दर वर्षी पाच जणांची पंचायत निवडावयाची असून कायदा, न्याय व कारभार ही तिन्ही कामे तिच्याकडेच सोपविलेली होती.

ह्या कल्पनेस तितकाच समर्थ विरोध झाला, हेही सांगितले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी खेडे म्हणजे संकुचित वृत्तीचे आणि जातीयतेचे आगर होय, असे स्पष्ट सांगितले आणि राज्यघटनेचा घटक खेडे न मानता व्यक्ती मानली, ह्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्यांच्या ह्या मतामागे अनुभव होता. कोकणातील महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. पण तो ठराव कागदावरच राहिला. १९२७ च्या मार्चमध्ये अस्पृश्य समाजाने प्रत्यक्ष पाणी घेतले तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्या तळ्याचा कोर्टातील वाद १९३७ साली संपला. गावास अधिकार द्यावा, हे खरे. परंतु गाव म्हणजे गावातील कोण, हा प्रश्न सोडवल्यावाचून तो अधिकार निर्वेध मानता येत नाही, एवढा धडा ह्या प्रकरणाने घालून दिला. राज्यघटनेत ग्रामपंचायतींना स्थान मिळाले ते चाळिसाव्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वांपैकी एक म्हणून. त्याची अंमलबजावणी कोणासही कोर्टातून मागता येत नव्हती.

मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४६ च्या पंचायत कायद्याने ग्रामपंचायती व न्यायपंचायती ह्यांची नवी मांडणी केली होती. त्यापाठोपाठ १९४८ साली पंडित द्वारकाप्रसाद मिश्र ह्यांची जनपद योजना अमलात आली. डिस्ट्रिक्ट कौन्सिले जाऊन तहसिलीगणिक एकेक जनपद सभा स्थापन झाली. वडनेरसारख्या गावाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, निर्णयाचे ठिकाण वर्ध्याहून हिंगणघाटास, म्हणजे बाजारहाटाच्या अंतरावर आले. ह्याशिवाय १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली आणि गायरान, तलाव, आबादीची जागा ह्यांवरील मालगुजाराची सत्ता संपली. दोन्ही गोष्टी मोठ्या होत्या. परंतु जनपद सभांपुढे कामांची यादी जितकी लांब होती तितके उत्पन्न त्यांच्यापाशी नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तेथे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला आणि तोच पुढे महाराष्ट्रात चालू राहिला. त्यानंतरची घटना अधिक दूरगामी ठरली. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने विकासकार्याचा मुख्य भार तालुका किंवा गट ह्या पातळीवरील संस्थेवर टाकावा, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रात १९६० साली नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने मात्र जिल्हा हेच बळकट केंद्र असावे, असा कौल दिला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. शाळा, आरोग्यकेंद्रे, शेती, रस्ते ह्यांचा विस्तार ह्या परिषदांनी केला, ह्यात शंका नाही. तेवढ्या कामास लागणारे इंजिनियर व हिशेबनीस एकेका तालुक्यास पुरविणे त्या काळी अवघड होते, हेही खरे. परंतु निर्णय पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. ग्रामपंचायतीपाशी उरली ती घरपट्टी, दिवाबत्ती, आठवडी बाजाराची वसुली आणि वर पाठवावयाची मागणीपत्रे.

ही स्थिती बदलावयास तीस वर्षे लागली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींना राज्यघटनेत स्वतंत्र भाग मिळाला. ग्रामसभेस घटनेची मान्यता आली, निवडणुका बंधनकारक झाल्या, अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात व स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. बाबासाहेबांनी उपस्थित केलेल्या प्रश्नास कायद्याने दिलेले हे उत्तर होते. पैशाचा प्रश्न त्यानंतरही कित्येक वर्षे रेंगाळला. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० ह्या काळासाठी देशातील ग्रामपंचायतींकरिता दोन लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम ठरविली आणि ती थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात जावी, असे सुचविले. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ ह्या नावाने गावोगावचे आराखडे तयार होऊ लागले ते ह्याच पैशाच्या आधारावर. पुढील आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या काळात त्यातील शेकडा ६० भाग पाणी व स्वच्छता ह्यांनाच बांधून दिला. म्हणजे तिजोरी गावात आली. पण तिच्या अर्ध्याहून अधिक कप्प्यांवर काय ठेवावयाचे हे वरून लिहून आले.

ह्या इतिहासाचा निष्कर्ष असा की, खेड्यास प्रथम मत मिळाले, मग अधिकाराचा शब्द मिळाला, आणि पैसा सर्वांच्या शेवटी मिळाला. पैशावाचून केलेला ठराव हा अखेर अर्जच ठरतो, आणि सव्वाशे वर्षे आपली खेडी ठरावाच्या नावाखाली अर्जच लिहीत होती. आता मात्र अडचणीचे स्वरूप पालटले आहे. ग्रामसभेची गणपूर्ती कायद्याने शेकडा १५ मतदार किंवा १०० मतदार, ह्यांपैकी जी संख्या कमी असेल ती ठरविलेली आहे. तेवढे लोक न आल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहत नाही. अशा सभेत मोजक्या मंडळींनी मंजूर केलेला आराखडा साऱ्या गावाचा आराखडा म्हणून वर जातो. विहीर कोणत्या वस्तीत खोदावयाची, रस्ता कोणाच्या घरापर्यंत न्यावयाचा, हे त्या दहावीस जणांनी ठरविले, तर मुकद्दमांनी मुकद्दम निवडून देण्याच्या १८८३ च्या रीतीहून ते फारसे निराळे होणार नाही.

म्हणून वडनेरसारख्या गावच्या पंचायतीचे मोजमाप किती लाखांची कामे झाली एवढ्यावरूनच करणे अपुरे आहे. सभेस किती जण होते, त्यात स्त्रिया किती, शेवटच्या वस्तीतील किती, आणि झालेल्या खर्चाचा हिशेब त्यांच्यापुढे मोठ्याने वाचला गेला की नाही, हेही विचारले गेले पाहिजे. हा हक्क मिळविण्यासाठी तीन पिढ्या खर्ची पडल्या आहेत. तो बजावण्यास मात्र सभेच्या दिवशी घरातून निघून तेथे जाऊन बसण्याहून अधिक काही करावे लागत नाही.