कलकत्त्यातला परीस

परीस म्हटला की मराठी मनाला प्रथम आठवतो तो संतकथांतील परिसा भागवत. त्याच्या घरचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकला आणि तो परत मागितला जाताच नदीतून ओंजळभर खडे काढून पुढे केले. ते सारेच परीस निघाले, असे परंपरा सांगते. हाच परीस विसाव्या शतकातील एखाद्या कारकुनाच्या हाती लागला, तर तो नदीत टाकील काय? ‘परश पाथर’ या 1958 सालच्या बंगाली चित्रपटाने हा प्रश्न हसतखेळत मांडला.

सत्यजित राय यांनी ‘जलसाघर’ हाती घेतला होता. परंतु त्यातील प्रमुख नट छबी विश्वास परदेशी गेल्याने काम थांबले, आणि त्या अवकाशात हा चित्रपट तयार झाला. मूळ कथा ‘परशुराम’ या नावाने विनोदी लेखन करणारे राजशेखर बसू यांची. हे गृहस्थ व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. बंगाल केमिकलचा कारभार त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. चमत्काराची कथा रसायनज्ञाने लिहावी, यातच तिचे अर्धे रहस्य आहे.

परेशचंद्र दत्त हा बँकेतील उतारवयाचा कारकून. नोकरीवरून कमी केल्याची सूचना हाती पडलेली. अशात पावसात कर्झन पार्कमध्ये त्याला एक खडा सापडतो. शेजारच्या मुलाला तो खेळावयास देतो, आणि मुलाचा खेळण्यातला शिपाई सोन्याचा होतो. मग परेशबाबू भंगारातील लोखंडी तोफगोळे विकत घेतात! लढाईचे हे अवशेष टॅक्सीतून घरी नेताना तुळशी चक्रवर्ती यांच्या चेहऱ्यावर भीती, लोभ आणि अविश्वास एकामागून एक उमटत जातात. ‘पथेर पांचाली’त वाण्याच्या दुकानातच शाळा चालविणारे पंतोजी ते हेच. आयुष्यभर किरकोळ भूमिका केलेल्या या नटाला येथे नायकपद मिळाले. 1961 मध्ये ते निवर्तले. त्या मानाने परेशबाबूंच्या चिटणिसाचे प्रेमप्रकरण काहीसे पातळ वाटते. पण निराशेच्या भरात परीस गिळतो तो हाच.

तत्पूर्वी मद्याच्या अमलाखाली परेशबाबूंनी श्रीमंतांच्या मेजवानीत एका पुतळ्याचे सोने करून दाखविलेले असते. गुपित फुटते, आणि शहरात सोन्याचा भाव कोसळू लागतो. मला हा भाग सर्वांत मार्मिक वाटतो. संतांच्या परिसाने बाजाराची चिंता कधी वाहिली नाही. येथे मात्र ज्याच्या घरात दोन पाटल्या आहेत, तो प्रत्येक मध्यमवर्गीय घाबरा होतो. सोन्याचे मोल त्याच्या दुर्मिळतेत आहे, हे अर्थशास्त्र इतक्या सुलभपणे क्वचितच कोणी शिकविले असेल. पुढे चिटणिसाच्या पोटात परीस विरघळून जातो आणि झालेले सारे सोने पुन्हा लोखंड होते.

हा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमुळे परकीय चलनाची चणचण निर्माण झाली होती. पूर्वी नोटांच्या पाठीशी सोने व परकीय रोखे मिळून निदान शेकडा 40 इतका साठा लागत असे. 1956 मध्ये ते प्रमाण सोडून ठरावीक किमान साठ्याची पद्धत आली, आणि 1957 मध्ये तो किमान साठा 200 कोटी रुपयांवर आणला गेला. त्यात 115 कोटींचे सोने. म्हणजे परेशबाबूंनी लोखंडाचे सोने करण्यापूर्वीच दिल्लीने कागदाला सोन्यापासून बरेचसे मोकळे केले होते.

गृहिणींनी मात्र सोने सोडले नाही. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले आणि नवे दागिने 14 कॅरटच्या वर घडविण्यास बंदी झाली. ज्या हातांना केवळ 22 कॅरटचा घाट ठाऊक, अशा असंख्य सोनारांच्या चुली विझल्या. 1968 च्या कायद्याने पक्के झालेले हे नियंत्रण 1990 मध्ये रद्द झाले. तोवर पुष्कळांच्या मुलांनी पिढीजात पेढी सोडून कचेऱ्यांत कारकुनी धरली होती.