कमरेतली सुई आणि नऊ दिवस झोपून राहिलेला डॉक्टर

ऑपरेशन सिझरचं असो, हर्नियाचं असो की मोडलेल्या पायाचं, आपल्याकडे नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पूर्ण भूल देणार की कमरेतून?" आणि कमरेतून म्हटलं की "आता जन्मभर कंबर धरणार बघ" असं सांगणारी एखादी मावशी वॉर्डात भेटतेच. आज त्या सुईचीच गोष्ट सांगतो. सव्वाशे वर्षं जुनी आहे.

1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. 1891 मध्ये जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून आतलं पाणी काढण्याची पद्धत मांडली. त्याच कीलमधले सर्जन ऑगस्ट बीअर यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. 16 ऑगस्ट 1898 रोजी घोट्याच्या क्षयरोगाने बेजार झालेल्या एका मजुराच्या कमरेत त्यांनी कोकेन टोचलं आणि त्याच्या पायाचं ऑपरेशन केलं. पेशंट जागा होता, पण दुखलं नाही. नंतर मात्र त्याला उलट्या झाल्या, डोकं दुखलं. पुढच्या काही पेशंटचीही हीच तक्रार.

दुसऱ्या कुणी "होतं असं कधीकधी" म्हणून सोडून दिलं असतं. बीअर यांनी 24 ऑगस्टला स्वतःच्याच कमरेत सुई घालून घेतली! सिरिंज सुईला नीट बसेना, औषध सांडलं, मणक्यातलं पाणीही बरंच वाहून गेलं. मग सहकारी हिल्डेब्रांट पुढे झाले. त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, पायाला पेटता सिगार लावला, तरी दुखलं नाही. संध्याकाळी दोघांनी वाइन पिऊन आनंद साजरा केला. पण नंतर बीअर यांचं डोकं असं धरलं की उठून बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. तब्बल नऊ दिवस ते अंथरुणात होते.

या नऊ दिवसांनी त्यांना पेशंटची तक्रार कळली. पाणी गळाल्यामुळे डोकं दुखत असावं, हा अंदाज त्यांनी तेव्हाच बांधला. पुढे कोकेनची जागा कमी घातक औषधांनी घेतली. सुया बारीक होत गेल्या. 1951 मध्ये हार्ट आणि व्हिटाकर यांनी पेन्सिलीच्या टोकासारखी सुई आणली आणि डोकेदुखी आणखी कमी झाली. राहिली मावशींची कंबर. तर कायमच्या कंबरदुखीचं खापर या सुईवर फोडावं, असा पुरावा अभ्यासांत सापडलेला नाही.

मग राहिलं काय?

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं सिझर झालं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका हॉस्पिटलचा नाही. घरी आल्यावर म्हणाली, "दादा, दुखलं काहीच नाही. पण थंडीनं दात वाजत होते, पाय आपले वाटत नव्हते, आणि पडद्यापलीकडे क्रिकेटच्या गप्पा चालू होत्या. मला वाटलं, पाय गेले माझे. विचारायचं कुणाला?"

अंगात हुडहुडी भरणं, पाय काही तास जड राहणं, ओढल्या-दाबल्यासारखं जाणवणं, हे या भुलीत होतच असतं. एवढं आधी सांगायला दोन मिनिटं लागतात. अंगावर पांघरूण, डोक्याशी एक माणूस, "ताई, आता थोडं ओढल्यासारखं वाटेल" एवढं एक वाक्य. याला ना मशीन लागतं, ना निधी. असं आवर्जून बोलणारे भूलतज्ज्ञ आपल्याच तालुक्यात आहेत, त्यांना मनापासून नमस्कार.

कमरेतल्या भुलीचा पेशंट जागा असतो. तो सगळं ऐकतो. बीअर यांना हे पेशंट होऊन कळलं. प्रत्येक डॉक्टरने सुई टोचून घ्यायची गरज नाही, विचारलं तरी पुरे.

तुमचा अनुभव काय? चांगला असो की वाईट, कमेंटमध्ये लिहा. फक्त डॉक्टरांची, हॉस्पिटलची नावं टाकू नका. आणि घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी भेटून प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे.