अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’

धूर दिसला म्हणजे जवळपास विस्तव असला पाहिजे, हें लहान मुलालाही कळतें. परंतु तें कां कळतें, हें सांगतां येणें ही निराळी गोष्ट. ती नवशिक्यांना साधावी म्हणून सतराव्या शतकांत अन्नंभट्ट या आंध्र पंडितानें ‘तर्कसंग्रह’ हा छोटा संस्कृत ग्रंथ रचला. चौदाव्या शतकांतील गंगेशाच्या ‘तत्त्वचिंतामणी’पासून न्यायशास्त्राची परिभाषा इतकी सूक्ष्म झाली होती, कीं सामान्य विद्यार्थ्यानें उंबरठ्यावरूनच परतावें. अन्नंभट्टानें गौतमाचा न्याय व कणादाचें वैशेषिक यांचें सार एकत्र केलें, आणि पुढील वाटेसाठीं स्वतःच ‘दीपिका’ ही टीका लिहिली.

स्वतःची खात्री होणें आणि दुसऱ्याची खात्री पटविणें या गोष्टी या ग्रंथांत वेगळ्या मानल्या आहेत. दुसऱ्याला पटवावयाचें तर पांच पायऱ्या चढाव्या लागतात. डोंगरावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर आहे, हा हेतु. धूर असेल तेथें अग्नि असतोच, जसा स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तेथें अग्नि आहे, हें निगमन. नियम उच्चारतांच त्याला रोजच्या अनुभवांतील दाखला जोडावा लागतो, हें येथें विशेष.

खरी परीक्षा मात्र उलट प्रश्नांत आहे. धुरावरून अग्नि ओळखतां येतो, तर अग्नीवरून धूर कां नाहीं? नैयायिक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याकडे बोट दाखवितात: तेथें अग्नि आहे, धूर नाहीं. धूर येतो तो सरपण ओलें असल्यामुळें. अशा दडलेल्या अटीला ‘उपाधि’ म्हणतात; ती असली कीं हेतु दुष्ट ठरतो. दुष्ट हेतूंचे, म्हणजे हेत्वाभासांचे, पांच प्रकार अन्नंभट्टानें सांगितले आहेत.

१८९७ मध्यें मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत या ग्रंथाची आवृत्ति निघाली. तींत यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टीपा त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या. प्रस्तावना महादेव राजाराम बोडस यांची होती. पाठशाळेंतील ग्रंथ अशा रीतीनें कॉलेजच्या विद्यार्थ्याच्याही हातीं आला.

ग्रंथ लहान म्हणून पाठ करण्यास सोपा. धोकाही त्यांतच आहे. पांचही हेत्वाभास घडाघडा म्हणणारा विद्यार्थी शेजाऱ्याच्या बोलण्यांतील, किंबहुना स्वतःच्याच बोलण्यांतील, एकही हेत्वाभास ओळखूं शकला नाहीं, तर त्याला लक्षणें आलीं, तर्क आला नाहीं. मनाजोगता निष्कर्ष समोर असतांना ज्याला लोखंडाचा तो गोळा आठवतो, त्यालाच हा ग्रंथ समजला.