घरी कॉम्प्युटर घेताय? पैसे मोजण्याआधी एवढं बघा

सातबारा मोबाईलवर दिसतो, फॉर्मही भरता येतो. पण टायपिंगचा सराव, एक्सेल किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट म्हटलं की कॉम्प्युटर लागतोच. कष्टाचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून दुकानात जाण्याआधी या गोष्टी लक्षात ठेवा.

काम काय, ते आधी ठरवा
अभ्यास, टायपिंग, ऑनलाईन फॉर्म आणि हिशोब एवढंच काम असेल तर महागडं मशीन नको. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडीवर कॉम्प्युटर कितीतरी लवकर चालू होतो.

डेस्कटॉप की लॅपटॉप?
डेस्कटॉपचा कीबोर्ड, माऊस, रॅम बिघडली तर तेवढंच बदलता येतं. पण लाईट गेली की तो लगेच बंद पडतो, म्हणून यूपीएसचा खर्च धरूनच हिशोब करा. लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि शिकायला बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना सोबत नेता येतो. इंटरनेट दोन्हीला मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून देता येतं. मात्र डेस्कटॉपला वायफाय आहे का, ते विचारा.

सेकंडहँड घेताना सावध
खरी फसगत इथेच होते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असं मशीन चालतं, पण सुरक्षा अपडेट नसतील तर त्यावर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. 'आय-५ आहे' एवढ्यावर भुलू नका. आय५-६३०० म्हणजे सहावी पिढी, आय५-८२५० म्हणजे आठवी. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाऊट उघडलं की प्रोसेसर आणि रॅम दोन्ही दिसतात.

दुकानातच हे करून बघा
- चार्जर काढून अर्धा तास चालवा, बॅटरी किती उतरते ते बघा.
- सगळी बटणं दाबा. कॅमेरा, स्पीकर, वायफाय तपासा.
- सेटिंग्जमध्ये विंडोज ॲक्टिव्हेट आहे का बघा. 
- ऑफिससाठी वेगळे पैसे मागितले तर लिबरऑफिस मोफत मिळतं, हे लक्षात ठेवा.

बिल घेतल्याशिवाय निघू नका
मशीनचा सिरीयल नंबर असलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटी किती महिने, ती कंपनीची की दुकानाची, आणि बॅटरी त्यात येते का, हे लिहून घ्या. सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही विचारा. दुरुस्तीसाठी दरवेळी जिल्ह्याला जाणं परवडत नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार करता येते. पण त्यासाठी हातात बिल हवं. कोऱ्या कागदावर लिहिलेली किंमत म्हणजे बिल नव्हे.