नाद, अक्षर आणि देवाचा शब्द

मावला हे गाव आदिलाबाद शहराला लागून, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. या परिसरात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी अशा चार भाषा कानांवर पडतात. येथे उपासना चालविणाऱ्या धर्मशिक्षकास प्रार्थनेला आरंभ करण्यापूर्वीच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : कोणत्या वाणीत? हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. त्याच्यामागे एक पुरातन प्रश्न उभा आहे, तो असा की, देवाचे सामर्थ्य विशिष्ट भाषेच्या नादात व अक्षरांत वसते काय? या प्रश्नाचा विचार आदिलाबादच्याच इतिहासाच्या आधारे करावा, असे आम्ही योजिले आहे.

पवित्र नादाची धारणा

आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर फार प्राचीन काळी 'होय' असे दिले गेले. मीमांसकांनी वेदांचा शब्द नित्य मानला. तो कोणी रचिलेला नाही, म्हणून त्यात एका मात्रेचाही पालट चालावयाचा नाही. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ या पाठांतराच्या पद्धती याच निष्ठेतून निर्माण झाल्या. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. परंतु उच्चारात स्वर चुकला, समासाचा अर्थ उलटला आणि इंद्राच्याच हातून वृत्र मारला गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचे तात्पर्य असे की, म्हणणाऱ्याचा हेतू काहीही असो, फळ उच्चारलेल्या नादाचे मिळते.

यहूदी परंपरेतही अक्षरांविषयी असाच आदर दिसतो. देवाचे चार अक्षरांचे नाव लिहिले जाते, परंतु उच्चारले जात नाही. वाचताना त्या जागी 'प्रभू' या अर्थाचा शब्द योजितात. जीर्ण झालेल्या शास्त्रग्रंथांच्या गुंडाळ्या फेकून न देता पुरतात. एकशे एकोणिसाव्या स्तोत्राचे 22 चरणसमूह इब्री वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने रचिलेले आहेत, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे.

मराठीने या धारणेशी निराळ्या रीतीने व्यवहार केला. 1290 मध्ये ज्ञानदेवांनी आपल्या गीताटीकेच्या आरंभी ओंकाराच्या तीन मात्रांत गणेशाची मूर्ती पाहिली; म्हणजे पवित्र नाद त्यांनी टाकिला नाही, लोकभाषेत आणिला. महानुभावांचे आचार्य नागदेव तर त्याहून पुढे गेले. केशिराजांनी संस्कृतात लिहू नये, तसे केल्यास आपल्या साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया नागविल्या जातील, असे त्यांनी बजाविल्याचे स्मृतिस्थळात नमूद आहे. तथापि त्याच पंथाने पुढे आपले मराठी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत झाकून ठेविले. सर्वांसाठी उघडलेली लोकभाषाही काळाच्या ओघात पवित्र होऊन बंद होऊ शकते, हे आपण येथे ध्यानात ठेवावे.

परधानाची किंगरी

आता आदिलाबादकडे वळू. राजगोंडांचे दैवत-इतिहास पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राखण्याचे काम त्यांच्या परधानांकडे आहे. पारी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेल्या देवांना कसे मुक्त केले, सगांची म्हणजे देवसंख्येनुसार कुळांची वाटणी कशी झाली, हे परधान किंगरी या तंतुवाद्याच्या साथीवर गातो. कचारगडाशी जोडलेल्या कथनात असे सांगतात की, हिरासुका पाटालीर याच्या किंगरीच्या नादाने आतल्या देवबालकांना बळ आले, त्यांनी शिळा ढकलली, आणि ते मोकळे होत असता तो स्वतः तिच्याखाली सापडून गतप्राण झाला. नादाच्या सामर्थ्याची ही कथा मंत्राच्या कथेहून वेगळी आहे. येथे नाद बिनचूक आहे की नाही, हा प्रश्नच नाही. तो कोणासाठी उठला आणि त्याचे मोल कोणी दिले, हा प्रश्न आहे.

हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास आदिलाबादच्या परधानांविषयी जे नोंदविले, ते आम्हांस फार मननीय वाटते. परधानांची घरची भाषा मराठी होती. परंतु यजमान गोंडांच्या देवकार्यात ते पवित्र आख्यान गोंडीतच गात. दुसऱ्याच्या वाणीत दुसऱ्याची स्मृती राखणारा हा मराठीभाषक सेवक आपल्यापैकी किती जणांच्या दृष्टीस पडला आहे?

अक्षरांचा शोध

नादाला जे भाग्य लाभले, ते गोंडीच्या अक्षरांना लाभले नाही. 1940 मध्ये कोमरम भीम याच्या नेतृत्वाखाली झालेला उठाव निजामशाहीने मोडला आणि त्यानंतर गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी हायमेनडॉर्फ यांस पाचारण केले. त्यातून 1943 मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र उभे राहिले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापण्यात आली, कारण त्या भागात मराठीचा परिचय होता. इतिहाससंशोधक सेतुमाधवराव पगडी यांनीही सरकारी सेवेत असताना या गोंडांत काम केले, त्यांची भाषा आत्मसात केली आणि तिचे व्याकरण लिहिले. पुढे 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले, आणि शाळेत तेलुगूचे प्रस्थ वाढले. गोंड बालकाने देवनागरीत आपली भाषा वाचण्याचा तो प्रयोग मागे पडला.

वस्तुतः गोंडीची स्वतःची अक्षरे याच जिल्ह्यात होती. नारनूर मंडलातील गुंजाळा गावी जुनी हस्तलिखिते मिळाली आणि त्यांतील लिपी एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत विद्वानांच्या नजरेस आली. (1918 मध्ये मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी सिद्ध केलेली गोंडी लिपी हिच्याहून वेगळी.) गुंजाळा लिपीची व्यंजने 'क' पासून नव्हे, तर 'य' पासून सुरू होतात. 2018 मध्ये संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात तिला स्थान मिळाले. ज्या भाषेस लिपी नाही असे आपण सहज म्हणत होतो, तिची वर्णमाला आपल्या शेजारच्या गावात कागदांत जपलेली होती. आपल्या अज्ञानाला आपण दुसऱ्याचे दारिद्र्य समजलो.

आपली परंपरा काय सांगते

ख्रिस्ती मंडळीने या विषयात दोन्ही प्रकारचे वर्तन केले आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आले आणि त्यांनी ओवीबद्ध मराठीत क्रिस्तपुराण रचिले. 1616 मध्ये ते राशोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले, कारण देशी लिपीचे खिळे उपलब्ध नव्हते. अक्षर परके, परंतु नाद मराठी. म्हणून ते लोकांच्या मुखी बसले. याच्या उलट, 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने लोकांची भाषा बंद करून पोर्तुगीज लादण्याचा हुकूम काढिला. सुवार्तेचा नाद आणि राज्यकर्त्यांचा नाद एकच मानला की असे घडते.

पवित्र शास्त्राचे स्वतःचे उदाहरण पाहा. आपल्या प्रभूची बोली अरामी होती. त्याची वचने आपणांस मिळाली ती ग्रीक भाषेत. म्हणजे ज्या नादात ती प्रथम उच्चारली गेली, तो बहुतांशी मंडळीने राखिला नाही, तरी वचनाचे सामर्थ्य उणे झाले नाही. असे असताही मार्काने याइराच्या कन्येस उठविणारे 'तलिथा कूम' आणि बहिऱ्याचे कान उघडणारे 'इप्फाथा' हे मूळ शब्द जपले, आणि दोन्ही ठिकाणी लागलीच त्यांचा अर्थ दिला. आमच्या मते सारा न्याय यात आला : नाद प्रेमाने राखावा, परंतु अर्थ झाकून ठेवू नये. येशूच्या नावाचा मंत्राप्रमाणे उपयोग करू पाहणाऱ्या स्किवाच्या सात पुत्रांची फजिती प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. त्यांचा उच्चार चुकला नव्हता. ज्याचे नाव घेतले, त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. पेंटेकॉस्टच्या दिवशीही आत्म्याने सर्वांस एक पवित्र भाषा शिकविली नाही. प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत ऐकिले.

यावरून आपल्या कार्यासाठी काही गोष्टी निघतात. उपासनेतील मराठी आपणांस प्रिय आहे आणि ती असावी. तिला हे स्थान संस्कृताच्या एकाधिकारातून वाट काढून मिळाले आहे. तीच मराठी, अथवा तिच्या जागी आलेली तेलुगू, गोंड बालकाच्या कानी न समजणारा पवित्र घोष होऊन पडत असेल, तर नागदेवाचार्यांची ती वृद्धा आज आपल्याच दाराशी नागविली जात आहे. प्रभूची प्रार्थना पाठ म्हणून घेतली, एवढ्याने धर्मशिक्षकाचे काम संपत नाही. 'आमच्या बापा' हे शब्द उच्चारताना त्या मुलाच्या मनात घरचा बाप उभा राहतो की शाळेचा मास्तर, हे त्याने एकदा विचारून पाहावे.

परधानाची आख्याने आपल्या उपासनेत ओढून आणावीत, असे आमचे म्हणणे नाही. ती दुसऱ्यांची पवित्र ठेव आहे. परंतु त्याच्यापासून शिकण्यासारखे एक आहे. तो घरी मराठी बोलतो आणि सेवेस जाताना यजमानाची वाणी धारण करितो. शब्द देहधारी झाला तो याच रीतीने, हे आपण अर्पणाच्या वेदीजवळ उभे राहून अनेकदा सांगतो. मावल्याच्या रस्त्यावर कोणी गोंड बंधू भेटेल, तेव्हा त्याच्या भाषेतील एक अभिवादन तरी आपल्या जिभेवर असावे.